वाढत्या अंतरावरच्या चुली

तुळशीचं लग्न लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नागणगी आणि शहर यांच्यामधलं अंतर वाढायला लागलं. गाव जागेवर होतं, शहर जागेवर होतं. मधला रस्ता तेवढा लांबत होता.

मी टेम्पो चालवतो, म्हणून ते आधी माझ्या लक्षात आलं. महानंदा अक्कांच्या भाकऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या भोजनगृहात पोचवणं हे माझं रोजचं काम. सकाळी दुरड्या भरून निघायचं, ओढा ओलांडायचा, वळणावर साखर कारखान्याची चिमणी दिसली की शहर आलंच. त्या दिवशी वळण घेतलं तर चिमणी नव्हती, नुसता रस्ता होता. चांगला डांबरी, मधोमध पांढरा पट्टा, दोन्ही अंगांना काळी जमीन. जमिनीला बांध नाही, झाड नाही, कुणी कधी नांगर घातल्याची खूण नाही. मला वाटलं, डुलकी लागली असावी. पुढं चिमणी आली, शहरही आलं. मी दुरड्या उतरवल्या आणि उशीर झाला म्हणून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी आणखी उशीर झाला. तिसऱ्या दिवशी मी अक्कांना सांगितलं.

“अक्का, रस्ता वाढलाय.”

“रुंद केला व्हय?”

“न्हाई, लांब झालाय.”

अक्का भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. परातीत भाकरी गोल फिरत मोठी होत गेली, मग त्यांनी ती तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, “मग उद्यापास्नं चुली लवकर पेटवू.”

महानंदा बिराजदार यांचा हा धंदा एका लग्नातून सुरू झाला होता. आचारी आलाच नाही, वऱ्हाड दारात उभं, तेव्हा त्यांनी आणि शेजारच्या रेहाना मुजावरनं मिळून सगळ्या मांडवाच्या भाकऱ्या थापल्या होत्या. तेव्हापासून दोघी एकाच ओट्याला. पुढं गावातल्या बायका येत गेल्या, पत्र्याची शेड झाली, दवाखान्याचं काम मिळालं. त्या दवाखान्यात लांबलांबच्या खेड्यांतली माणसं येतात. त्यांना पाव जात नाही. ज्वारीची मऊ भाकरी दुधात कुस्करून दिली की जाते. भोजनगृह सांभाळणारे अंबादास येमूल मला नेहमी सांगायचे, “बसवराज, डॉक्टर काय ते त्यांचं करतात. पण माणूस भाकरी मागायला लागला की त्याच्या घरच्यांच्या तोंडावर रंग येतो.”

मऊ भाकरीला दुपार गाठावी लागते. दुपार टळली की ती वातड होते. अंतर वाढलं याचा आमच्यापुरता अर्थ एवढाच होता.

पंधरवडा झाला तशी सरकारी माणसं आली. बांधकाम खात्याच्या कनिष्ठ अभियंता ढोबळेबाई चाकाची मोजपट्टी ढकलत ओढ्यापासून चिमणीपर्यंत गेल्या. पोचल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं आणि पुन्हा मोजायला लागल्या, कारण त्यांच्या पाठीमागं रस्ता वाढला होता. त्या मनापासून काम करणाऱ्या बाई होत्या. चार वेळा मोजून झाल्यावर त्या आमच्या शेडमध्ये येऊन पाणी प्यायल्या.

“हे अंतर मंजूर नाही,” त्या म्हणाल्या. “त्यामुळे त्याची डागडुजी आम्हाला करता येणार नाही.”

“पण डांबर पडलेलं हाय की,” मी म्हणालो.

“तेही मंजूर नाही.”

“मग त्यावरनं जायचं का न्हाई?”

ढोबळेबाईंनी बराच विचार केला. “जा,” त्या म्हणाल्या. “मनाई करायची तर आधी तो रस्ता आहे असं लिहावं लागेल.”

एसटीची अडचण वेगळी होती. मधल्या रस्त्यावर थांबे नसल्यानं टप्पे पडत नव्हते आणि टप्पे नसल्यानं तिकीट फाडता येत नव्हतं. गाडी बंद झाली. पाठोपाठ पावाची व्हॅन यायची थांबली. मग तेल, मग गॅसच्या टाक्या. बाजारपेठेतले व्यापारी फोनवर गोड बोलायचे आणि माल मात्र पाठवायचे नाहीत. आमच्या आजूबाजूचे दही लावणारे, लाडू वळणारे, मसाला कुटणारे, सगळे हळूहळू बसले. दवाखान्यात येमूल एकेक भांडं पालथं घालत होते. त्यांचा निरोप आला, “अक्का, भाकरी गार आली तरी चालेल. पण न आलेली भाकरी चालत नाही.”

आम्ही चुली आणखी लवकर पेटवल्या. मी टेम्पो आणखी जोरात हाणला. आणि एक दिवस तेही पुरलं नाही. त्या दिवशी अक्का स्वतः माझ्याबरोबर आल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा जेवणं होऊन गेली होती, म्हणजे झालीच नव्हती. लोक चहात बिस्किटं बुडवून पडवीत बसले होते. एका म्हाताऱ्यानं आमच्या दुरडीतली भाकरी घेतली, तिचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला आणि ती तशीच परत ठेवली. अक्कांनी त्याच्याकडं पाहिलं, मग त्या भाकरीकडं पाहिलं.

 परतताना नुसत्या रस्त्याच्या मधोमध आल्यावर अक्का म्हणाल्या, “बसवराज, थांबव.”

त्या उतरल्या, रस्त्याच्या कडेची माती मुठीत घेऊन दाबून पाहिली. चांगली काळी कसदार माती होती.

“हितं चूल पेटंल?” त्यांनी विचारलं.

“पेटंल की. पण खाणार कोण हितं?”

“आपणच. आपण एका जाग्यावर बसून भाकरीला सगळा रस्ता पळवतोय. रस्ता लांबतोय तर आपण पण लांबायचं.”

मला ते कळलं नाही. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, “तुला हितनं शहराला जायला जड जातंय का?”

“न्हाई. अर्धंच अंतर हाय.”

“आणि हितनं गावाला?”

“ते पण अर्धंच.”

“मग सगळा रस्ता एकानंच का तोडायचा?”

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्या बायका बसल्या. अक्कांनी सांगितलं ते असं. गावातून आता भाकरी निघणार नाही, ज्वारी निघेल. पीठही नाही, कारण दळलेलं पीठ फार दिवस राहिलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो आणि थापताना भाकरी तुटते. ज्वारी एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर, तिथून तिसरीवर. प्रत्येकीनं फक्त पुढच्या चुलीपर्यंत जायचं आणि दिवस मावळायच्या आत आपल्या चुलीला परतायचं. दळण शहराच्या जवळ. शेवटची चूल चिमणीच्या पलीकडं, दवाखान्याच्या हाकेवर. भाकरी तिथं थापायची.

“आणि मधे रस्ता वाढला म्हंजे?” काशीबाई इंगळे यांनी विचारलं. त्या आमच्यातल्या सर्वांत थोरल्या.

“सकाळी उठून पुढच्या चुलीचा धूर बघायचा. दिसला न्हाई तर कुणाला विचारत बसायचं न्हाई. निघायचं. तिकडची पण निघंल. दोघी भेटतील तिथं नवी चूल.”

“आणि भेटल्याच न्हाईत तर?”

“म्हणून प्रत्येक चुलीला सगळं यायला पाहिजे. निवडणं, दळणं, थापणं. प्रत्येकीकडं ज्वारीचं एक पोतं जादा. आणि प्रत्येकीनं आपापला शेजार धरायचा. अडचणीला पिशवीभर धान्य देईल असं एक तरी घर. एका चुलीवर सगळ्यांनी विसंबायचं न्हाई. माझ्यावर तर न्हाईच न्हाई.”

शेवटची चूल कुणी घ्यायची हा प्रश्न होता. अक्कांनी रेहानाबीकडं पाहिलं. रेहानाबी कोथिंबीर निवडत होती, ती निवडतच राहिली.

“मला लांब टाकतीस व्हय गं महानंदा?”

“मी कशाला टाकतीय. रस्ताच नेतोय. शेवटची चूल ज्याच्या हातात, दवाखाना त्याच्या हातात. दुसऱ्या कुणाला देऊ, तूच सांग.”

रेहानाबीनं कोथिंबीर संपवली, देठं बाजूला केली. “तवा माझा मी नेणार,” ती म्हणाली. तो तवा दोघींचा होता, पण अक्का हो म्हणाल्या.

असा तो धंदा रस्त्यावर पसरला. मला कबूल केलं पाहिजे की सुरुवातीला मी नाराज होतो. माझा टेम्पो आता पहिल्या दोन चुलींपर्यंतच जायचा. शहरात गेलो की दवाखान्यासमोर मिळणारा आल्याचा चहा, येमूलांच्या गप्पा, सगळं सुटलं. पण चुली चालल्या. ओढ्यापुढं काशीबाई आणि त्यांची सून, त्यापुढं शिवलीला, त्यापुढं दोघी बहिणी, असं करत रेहानाबीपर्यंत. ज्वारी सायकलवरून जायची, बैलगाडीतून जायची, डोक्यावरून जायची. पावाच्या व्हॅनचा तो माणूस, काम गेलं म्हणून घरी बसला होता, तो व्हॅन घेऊन आला आणि मधल्या दोन चुली त्यानं सांभाळायला घेतल्या. उलट्या दिशेनं तेल यायला लागलं, औषधं यायला लागली, येमूलांचे निरोप यायला लागले. भाकरी पुन्हा दुपार गाठायला लागली, आणि मऊ.

रस्ता वाढायचा थांबला नव्हता. कधी ओढ्याजवळ वाढायचा, कधी पार पुढं. सकाळी धूर दिसला नाही की दोन्हीकडून बायका निघायच्या, दुपारी मधे कुठंतरी तीन दगड मांडलेले असायचे. मग तिथं राहायला कुणीतरी यायचं. धनगरांचा एक वाडा आला आणि मेंढरं बसवू लागला. कुणी नुसत्या जमिनीत ज्वारी पेरली. पेरलेल्या रानातच अंतर वाढलं की ज्वारीची धाटं एकमेकांपासून लांब जायची, त्यामुळं त्यांना हवा भरपूर मिळायची आणि कणसं मुठीत मावत नसत. ढोबळेबाई महिन्यातून एकदा मोजायला यायच्या आणि प्रत्येक चुलीवर जेवायच्या. पूर्वी दिवसभर उपाशी मोजावं लागायचं, असं त्या म्हणायच्या.

अक्का आणि रेहानाबी मात्र भेटत नव्हत्या. निरोप चालायचे. चुलीचुलीवरून सांगत सांगत ते जायचे, त्यामुळं रेहानाबीनं विचारलेलं “गुडघा कसा आहे” आमच्याकडं पोचेपर्यंत सहा बायकांचे गुडघ्यावरचे उपाय होऊन पोचायचं. अक्का ते सगळे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “रेहानाला सांगा, बरा हाय.” तो बरा नव्हता.

माघात मोठी वाढ झाली. सकाळी दोघी बहिणींच्या चुलीवरून पुढचा धूर दिसला नाही. त्या निघाल्या, दिवसभर चालल्या आणि नुसता रस्ता बघून परत आल्या. एवढं कधी झालं नव्हतं. पुढची व्हॅन पलीकडं, रेहानाबी पलीकडं, दवाखाना पलीकडं. फोन लागत नव्हता, कारण खांब पुरेनासे झाले होते. निरोप आमच्यापर्यंत आला तेव्हा अक्का उन्हात ज्वारी वाळवत होत्या.

“किती पोती हायत?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“भर. जळणाला तुराट्या पण भर. शेणकुटं घे. काशीबाईंना म्हणावं तुमची सून पाठवा, आणि शिवलीलाला म्हणावं तू चल.”

आम्ही निघालो. दोघी बहिणींची चूल मागं टाकली आणि पुढं गेलो. टेम्पोत निम्मं डिझेल उरेपर्यंत जायचं, तिथं चूल मांडायची, एकीला ज्वारीसकट तिथं बसवायचं, मागं जाऊन पुन्हा भरून आणायचं आणि त्या चुलीवरून पुढं निघायचं. असं आम्ही कित्येक दिवस सरकत होतो. दोन्ही अंगांना काळी जमीन, वर आभाळ, बाकी काही नाही. एका चुलीवर काशीबाईंची सून राहिली, एकीवर शिवलीला. शिवलीला एकटी राहायला घाबरली होती. अक्कांनी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, “मागं बघ, धूर दिसतोय न्हवं? त्यांना पण तुझा दिसतोय. तू एकटी न्हाईस, तू मधली हायस.”

पुढं टेम्पोत मी आणि अक्काच उरलो. मी विचारलं, “अक्का, दवाखान्यात काय चाललं असंल?”

“पोतं जादाचं होतं तिच्याकडं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “ते संपलं असंल.” मग बराच वेळ झाल्यावर म्हणाल्या, “आजवर असं कधी झालं न्हाई की भाकऱ्या कमी पडल्यात आणि रेहाना हात बांधून बसलीय.” हे त्या मला सांगत नव्हत्या.

त्या दुपारी आम्हाला धूर दिसला. पुढून येणारा. मी हॉर्न वाजवायला लागलो, तर अक्कांनी माझा हात बाजूला केला. त्यांनी टेम्पो थांबवायला लावला आणि दुखरा गुडघा ओढत त्या रस्त्यानं चालायला लागल्या. समोरून एक बैलगाडी येत होती. गाडीवर गाडीवाला आणि त्याची बायको बसली होती, रेहानाबी मात्र उभी होती. गाडी थांबायच्या आत रेहानाबी उतरली.

“दवाखाना?” अक्कांनी विचारलं.

“जेवला,” रेहानाबी म्हणाली. “पोतं सरलं. मग माळावरच्या गुरव वहिनींनी बाजरी दिली. बाजरी खाल्ली, मका खाल्ला, दोनदा तांदळाची भाकरी खाल्ली. मक्याची भाकरी थापायला मला येत न्हवती, येमूलसाहेबांच्या आईनं दाखवली. पण जेवला. एक वेळ चुकली न्हाई.”

अक्का होत्या तिथं रस्त्यात खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. त्यांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. रेहानाबीनं त्यांच्या दंडाला धरलं.

“ऊठ बाई,” ती म्हणाली. “डांबर तापलंय.”

“तिकडं कोण हाय आता?”

“सुनंदा हाय. माझ्यापेक्षा बरी थापते. तिच्यामागं तीन चुली मांडत आले मी. तुझ्या किती?”

“दोन.”

“मग ही धरून सहा झाल्या,” रेहानाबी म्हणाली आणि दगड शोधायला लागली. त्या जमिनीत दगड नव्हते. आम्ही टेम्पोच्या चाकाला लावायचे दगड काढून दिले. परात एकच होती. दोघी समोरासमोर बसल्या. एकीनं मळायचं, एकीनं थापायचं, ते कुणी ठरवलं नाही. तवा मात्र रेहानाबीनं गाडीतून आणला होता. मी पहिली भाकरी खाल्ली, गाडीवाल्यानं दुसरी. बरोबर लसणाची चटणी होती. त्या दोघी कशाबद्दल बोलत होत्या म्हणाल तर सुनंदा मीठ जास्त घालते याबद्दल. संध्याकाळ व्हायच्या आत एक इकडं वळली, एक तिकडं. गाडीवाल्याची बायको त्या चुलीवर राहिली. अजून तीच बघते.

उन्हाळ्यात अंतराला तात्पुरती मंजुरी मिळाली. ढोबळेबाईंनी ती स्वतः येऊन सांगितली आणि सगळ्यांना पेढे वाटले. वाढीव जागेवर थांबे पडले. त्यांना नावं कुठून आणायची हा प्रश्न खात्यात बराच चालला, शेवटी चुलींचीच नावं दिली. आता एसटीचा कंडक्टर “इंगळेबाई, इंगळेबाई उतरा,” असं ओरडतो आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. बाकीचे धंदेही उठले. लाडूवाले चुलीचुलीवरून लाडू पाठवतात, दहीवाल्यांनी तर अर्ध्या वाटेवर दूध पोचतं तिथंच विरजण लावायला सुरुवात केली. शहरात पोचेपर्यंत दही लागलेलं असतं. वाटेवर दोन लग्नं झाली, आचारी दोन्ही वेळा आले नाहीत, आणि त्यानं काही अडलं नाही.

जिल्ह्याच्या बैठकीला अक्कांना बोलावलं होतं. मी सोडायला गेलो होतो, म्हणजे माझ्या वाट्याच्या रस्त्यापुरता. पुढं त्या व्हॅननं गेल्या आणि त्यापुढं बैलगाडीनं. तिथं एका साहेबांनी त्यांचं मनापासून कौतुक केलं आणि विचारलं, “बिराजदारताई, ही व्यवस्था किती लांबपर्यंत नेता येईल?”

“जितकं लांबंल तितकी,” अक्का म्हणाल्या. “बायका हायत की.”

परत येताना त्या रेहानाबीकडं एक दिवस राहिल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. निरोप चुलींवरून आला असता तर कळलं असतं.

आज सकाळी शिवलीलाच्या चुलीवरून पुढचा धूर दिसला नाही. शिवलीला डोक्यावर ज्वारी घेऊन निघाली आहे. तिकडूनही कुणीतरी निघालं असणारच.